जेवणानंतर बिघडणारं मशीन

सोम., १० नोव्हेंबर

आज जे झालं ते, क्रमाने:

१. मशीन – ट्रॅकवर चालणारा ट्रेंचर. मालक नरेशदादा, उमरोळी. जागा – मासवणच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेने वीजकेबलसाठी चर खणण्याचं काम.
२. सकाळी व्यवस्थित. मुरूम, अधूनमधून दगड. तक्रार नाही.
३. जेवणाच्या सुट्टीनंतर सुरू केल्यावर थोड्याच वेळात हायड्रॉलिक पंपातून किंचाळल्यासारखा आवाज. ट्रॅक झटके देऊ लागले. खणायची साखळी मंदावली. इंजिनचा वेग आपोआप वर-खाली.
४. ऑपरेटरने मशीन बंद करून आमच्या सर्व्हिस ऑफिसला फोन केला.
५. मी आणि मेकॅनिक मुन्नाभाई बोईसरहून पोचलो. हायड्रॉलिक टाकीचं झाकण उघडून तेल पाहिलं. पातळी ठीक, रंग ठीक, किंचित फेस.
६. झाकण लावलं. सुरू केलं. मशीन उत्तम चाललं.
७. आम्ही काहीही दुरुस्त केलेलं नाही.

सातवा मुद्दा ऑफिसच्या कागदात लिहिला नाही. तिथे ‘तपासणी केली, मशीन चालू’ असं आहे. दोन्ही खरं आहे.

ऑपरेटर सुनील, तिशीच्या आतला, मासवणपलीकडच्या पाड्यावरचा. म्हणतो, मागच्या आठवड्यातही दोनदा असंच झालं. दोन्ही वेळा जेवून आल्यावर. मुन्नाभाई बोनेटवर थाप मारून म्हणाले, “मैडम, ये आपको देखके शरमा जाता है.” सुनील हसला. मी नाही हसले. परत येताना गाडीत थोडं हसू आलं, तेव्हा खिडकीबाहेर बघितलं.

जेवणाचा आणि पंपाचा संबंध काय?

मंगळ., ११ नोव्हें.

इंजिन वर-खाली होतंय म्हणजे आधी डिझेल बघायचं. डिझेल फिल्टर बदलला. एअर फिल्टरही बदलला. धूळ होती, पण एवढी नव्हती. डिझेलमध्ये पाणी नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिथेच थांबले. सुनीलच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. “घ्या मॅडम, तिखट हाय पन.” माझा डबा होता, म्हणून नको म्हटलं. नंतर वाटलं, घ्यायला हरकत नव्हती. सुट्टी संपता संपता, तेल अजून कोमट होतं तोवर टाकीचं झाकण काढून नमुना घेतला, बाटलीवर नाव घातलं.

सुट्टीनंतर मशीन सुरळीत चाललं. संध्याकाळपर्यंत एकही झटका नाही. मुन्नाभाई खूश. वहीत लिहिलं: कारण – डिझेल फिल्टर? प्रश्नचिन्ह मुद्दाम ठेवलं.

सुनील: “फिल्टरच व्हता का मग?”
मी: “बघू.”
सुनील: “बघू म्हंजे नाय.”

बुध., १२

फिल्टर नव्हता.

जेवणानंतर सुनीलचा फोन. त्याने फोन सरळ पंपाजवळ धरला. “ऐकली का? डुकरावानी वरडते.” ऐकलं. पंपात तेलाबरोबर हवा जाते तेव्हा असा आवाज येतो. पण कुठून जाते? तेल कमी नाही. पाइप काल हात लावून बघितले, कुठे ओल नाही, क्लॅम्प घट्ट आहेत.

तुम्ही जेवणानंतर काही वेगळं करता का, असं विचारलं. “सकाली करतो तेच. तेलपानी बघनं तेवढं सकालीच.”

सावंत सरांना सांगितलं. सर आमचे सर्व्हिस मॅनेजर. मशीन न बघता सांगतात आणि बऱ्याचदा बरोबर सांगतात, हीच अडचण आहे. म्हणाले, “ऑपरेटर बदला म्हणावं. मशीन आपोआप सुधारतं. किती बघितलीत मी.” मी म्हटलं, ऑपरेटर सकाळी आणि दुपारी तोच असतो. सर म्हणाले, “पोट भरल्यावर तोच नसतो.”

वहीतलं ‘डिझेल फिल्टर?’ खोडलं.

गुरू., १३

मशीन ट्रेलरवर घालून उमरोळीला, नरेशदादांच्या घरामागच्या वाडीत आणलं. तेलाचा रिटर्न फिल्टर कापून उघडला. घड्यांमध्ये तांब्याच्या रंगाची बारीक चमक. बोटावर घेऊन उन्हात धरली. पंप आतून झिजतोय. आता हे ‘कधीतरी रुसतं’ या सदरात राहिलेलं नाही. पंप बदलावा लागेल.

कंपनी वॉरंटीत पंप देईल, पण कारण विचारेल. अहवाल पुढच्या शुक्रवारपर्यंत. त्यात एक रकाना आहे: बिघाडाचं कारण. तिथे ‘चुकीची हाताळणी’ आलं तर पंप नरेशदादांच्या गळ्यात, आणि सुनील मशीनवरून खाली. नरेशदादा त्याच्यासमोरच बोलले: “पोरगा चांगला हाय. पन पंप खाल्ला तं मी तरी काय करू?”

 नंतर सुनील ट्रॅकवर बसून फिल्टरचे तुकडे कागदात बांधून देत होता तेव्हा सांगितलं. दिवाळी झाली, भात झोडून झालं, की त्याचे दोघे भाऊ बायकापोरांसकट वसईच्या बाजूला वीटभट्टीवर जातात, ते पावसालाच परत येतात. तोही जायचा. दोन वर्षं झाली, मशीनवर बसतो म्हणून गेला नाही. मुन्नाभाईंनीच शिकवलं, सर्व्हिसला यायचे तेव्हा शेजारी बसवून. मुलगी यंदा पहिलीत आहे. “मशीनवर राह्यलो तं ती शालंत राहील. नाय तं तिकडं शाला कुठली.” हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. माहिती म्हणून सांगितलं. मीही तशीच लिहून घेतली.

नरेशदादांची आई, सगळे काकी म्हणतात, चहा घेऊन आल्या. मशीनच्या टाकीवर झेंडूचा सुकलेला हार आहे, खंडेनवमीच्या पूजेचा. मी झाकणाकडे हात नेला तर म्हणाल्या, “हार नको काडू गं पोरी. आपला आपून पडंल.” नाही काढणार म्हटलं. हाराच्या कडेकडेने काम केलं. केसांत पाकळ्यांचा चुरा.

शनि., १५

वाडीतच पूर्ण चाचणी. पंपाकडे तेल ओढणाऱ्या पाइपवर गेज बसवायचा, म्हणून आधी टाकीचं झाकण उघडून थोडं तेल उतरवलं, गेज लावला, तेल परत भरलं. सकाळी चालवलं: ठीक. तासभर बंद ठेवून जेवणाची सुट्टी द्यायची म्हणून दिली. नंतर गेजचा काटा चिकटतोय असं वाटलं. झाकण उघडून हवा सोडली, काटा शून्यावर आणला, पुन्हा चालवलं: ठीक. प्रत्येक आकडा पुस्तकातल्यासारखा.

काकी ओट्यावरून: “चालते हाय ना? मंग सोड की.”
मुन्नाभाई: “बोला था ना, शरमाता है.”

सुनील मात्र हसला नाही आज. मशीन ठीक चाललं की सगळे त्याच्याकडे बघतात. ते त्याला समजलंय. मलाही आजच समजलं.

तेलाच्या नमुन्याचा निकाल आला: पाणी नाही, तेल योग्य तेच. आणखी एक दार बंद.

रवि., १६

घरी, पालघर. आई म्हणाली, “आज तरी मशीन घरात आणू नकोस.” वाल सोलायला बसवलं. सोलता सोलता तेच चालू होतं डोक्यात. आईने परात ओढून घेतली: “सालं ठेवतेस आणि दाणे टाकतेस. ऊठ.”

मग कागद घेतला. मशीन दुपारी बिघडलं ते दिवस एका बाजूला, नाही बिघडलं ते दुसऱ्या बाजूला. ऊन, खडक, डिझेल, माणूस – काहीच जुळेना. शेवटी मशीनने काय केलं ते सोडून मी काय केलं ते लिहिलं.

१० तारीख: बिघडल्यावर टाकीचं झाकण उघडलं. ठीक झालं.
११: सुट्टीत झाकण उघडलं. बिघडलंच नाही.
१२: मी नव्हते. कोणी उघडलं नाही. बिघडलं.
१५: दोनदा उघडलं. बिघडलं नाही.
आणि रोज सकाळी सुनील पातळी बघायला उघडतोच.

म्हणजे तपासणीच दुरुस्ती करत होती. मी जाऊन जाऊन पुरावा पुसत होते.

खात्री नाही. उद्या कशालाही हात लावायचा नाही.

सोम., १७

पंप येईपर्यंत हलकं काम चालू ठेवायचं नरेशदादांनी ठरवलं, म्हणून मशीन पुन्हा मासवणला. सकाळी सुनीलने नेहमीप्रमाणे पातळी बघितली. नंतर मी सांगितलं, आता झाकणाला कोणीही हात लावायचा नाही, मीसुद्धा.

जेवण. (आज त्याची चटणी घेतली. तिखट आहे, खरंच.)

सुट्टीनंतर सुरू. आवाज. झटके. इंजिन वर-खाली. पहिल्यांदा समोर बघितलं. बिघाड बघून आनंद झाला, हे बरं नाही.

बंद करवलं. झाकण फिरवायला गेले तर फिरेना. दोन्ही हात लावले. सुटलं तेव्हा हवा बाहेर आली नाही, आत गेली, लांबलचक. सुनील मागे सरकला: “आयला, गिलते की ही.” झाकण लावून सुरू केलं. गुपचूप चाललं.

तर टाकी गुदमरत होती. टाकीला हवा आत-बाहेर करायला ब्रीदर असतो, टाकीच्या माथ्यावर अळंबीसारखी छोटी टोपी. तो बंद असला तर: तेल तापतं, फुगतं, झाकणाच्या जुन्या रबरातून हवा बाहेर निसटते. सुट्टीत तेल निवतं, आकसतं, आणि हवेला परत यायला वाट नसते. मग टाकीच तेल धरून ठेवते, पंपाला सोडत नाही. उपाशी पंप मिळेल तिथून हवा ओढतो, तेल फेसाळतं, पंपाचा भार कमी-जास्त होतो आणि इंजिन त्याच्यामागे धावतं. दोन बिघाड नव्हतेच. एकच होता.

ब्रीदर कुठे आहे? नकाशात झाकणाच्या उजवीकडे. मशीनवर झाकणाच्या उजवीकडे हार आहे.

आठ दिवस मी त्या हाराच्या कडेकडेने काम केलं. आणि दहा तारखेच्या तपासणीत ‘ब्रीदर – ठीक’ अशी खूण माझी आहे. हाराखाली टोपीचा आकार दिसला, पुरे वाटला.

सुनील हार काढायला तयार नाही. “काकींना इचारा. मी नाय हात लावनार.” काकींना फोन केला. आधी कोण बोलतंय ते कळेना, मग हार कशाला ते कळेना. शेवटी म्हणाल्या, “तुज्या हातानं काड. पाया पड मशीनच्या, आनि व्हात्या पान्यात सोड. रस्त्यावर टाकू नको.” तसंच केलं. मशीनच्या पाया पडले, साइटवर सगळ्यांसमोर.

हाराखाली ब्रीदर. ब्रीदरवर जाड प्लास्टिकची पिशवी. पिशवीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी, वेढे देऊन घट्ट बांधलेली.

पट्टी कापली. फोटो काढले, आधीचे आणि नंतरचे. हार सूर्या नदीत सोडला.

मंगळ., १८

जेवणानंतर कोणीही झाकण उघडलं नाही. आवाज नाही. पंप झिजलाय म्हणून बारीक कुरकुर आहे, ती राहणारच. पण बिघाडाचं कारण सापडलं. मला आज बरं वाटायला हवं होतं.

पिशवी का बांधली असेल ते कळतं. मशीन पाण्याच्या फवाऱ्याने धुताना ब्रीदरमध्ये पाणी जाऊ नये म्हणून तो झाकतात. धुवून झालं की सोडायचं. खंडेनवमीला सकाळी नरेशदादांच्या वाडीत मशीन धुतलं, त्याच दिवशी आमची सर्व्हिसही होती, फवाऱ्याचा पंप आमचाच. मग पूजा, मग हार. हार बसला पिशवीवर, आणि पूजेचा हार कोणी हलवत नाही. नंतर पाऊस लांबला, मशीन उभंच. काम सुरू झालं आणि आवाज सुरू झाला.

कोणी बांधली?

मुन्नाभाई: “हम तो कपड़ा लगाते हैं मैडम, पन्नी नहीं. मैंने तेल बदला, बस. पाइप सुनील के हाथ में था.”

काकी: “हार मीच बांदला. खाली पिशवी व्हती. मला वाटलं मशीनचीच हाय.”

सुनीलला विचारायला तोंड उघडलं, वाक्य पूर्ण व्हायच्या आत: “मीच बांदली. पानी नको जायला म्हनून. लिवा मॅडम.”

इतकं पटकन. गेले आठ दिवस ‘मी काय केलं नाय’ म्हणणारा माणूस.

सावंत सरांना फोटो दाखवले. म्हणाले, “शाब्बास. सापडलं की. ऑपरेटर कबूल आहे ना? मग लिही आणि मोकळी हो.” मी म्हटलं, त्या दिवशी आपली सर्व्हिस होती, मशीन सोडताना ब्रीदर बघणं आपलं काम. सर म्हणाले, “आणि दहा तारखेची खूण कोणाची?”

बरोबर आहे त्यांचं. ती खूण मी अहवालात लिहिणार आहे. पण तिने पिशवी बांधली नाही.

पट्टीचं सांगायचं तर: तशीच पट्टी आमच्या शेडमध्ये खिळ्याला लटकलेली आहे. काकींच्या अंगणात पाण्याच्या पाइपला आहे. सुनीलच्या मोटरसायकलच्या आरशालाही आहे. घरी आले तर आमच्या गॅलरीतल्या नळाला.

बुध., १९

उमरोळीला गेले, गेज परत आणायचं निमित्त. खरं म्हणजे काकींना पुन्हा विचारायला.

“सुनील? सकाली कुटं व्हता तो! पोरीला ताप आलेला, तिला घिऊन पालघरला दवाखान्यात गेलता. मशीन धुतली तवा नव्हता. निवेद दाखवला तवा आला. मी पान वाडून ठिवलं व्हतं त्याचं.”
“नक्की, काकी?”
“माजं पान मी इसरंन?”

मागून नरेशदादा: “आई, ते गेल्या साली. यंदा कुटं ताप व्हता?”
“गेल्या साली तुला ताप व्हता.”
“मला?”

दोघे बराच वेळ भांडले. गेल्या सालचा ताप कोणाला, यंदाचा कोणाला, पुरणपोळ्या कोणत्या साली करपल्या. मी चहा संपवला. नरेशदादा स्वतः त्या सकाळी फुलं आणायला पालघरला गेले होते, तेव्हा त्यांनाही माहीत नाही.

सुनील आज कामावर नाही. मनोरकडचा एक ऑपरेटर बसला आहे. “दोन-चार दिवस,” नरेशदादा म्हणाले, माझ्याकडे न बघता. सुनीलचा फोन बंद.

मुन्नाभाईंना शेडमध्ये पुन्हा विचारलं, सुनील धुताना नक्की होता का. पाना खाली ठेवला. “उसने बोल दिया ना, मैंने किया? फिर आप मेरे पीछे क्यों पड़ी हैं?” दोन वर्षांत माझ्याशी त्या आवाजात बोलले नव्हते. दुपारी स्वतःच दोन चहा घेऊन आले, एक माझ्या टेबलावर ठेवला, दुसरा घेऊन शेडमध्ये गेले. मुन्नाभाई कायम नाहीत, कंत्राटावर आहेत. कंत्राट दर वर्षी सावंत सर बघतात. हे मला पूर्वीपासून माहीत आहे. आज लिहावंसं वाटलं.

मला काय हवंय? सुनील खोटं बोलतोय असं, की खरं बोलतोय असं? पंपाच्या बाबतीत हा प्रश्न पडत नाही. गेज लावायचा, वाचायचा.

गुरू., २०

अर्धी रजा. सुनीलच्या पाड्यावर गेले. सूर्या नदीचा पूल ओलांडून पुढे डांबरी रस्ता संपतो, तिथून स्कूटर ढकलत.

खळ्यावर भात झोडत होता. मला बघून हातातली पेंढी खाली ठेवली नाही. त्याची बायको मनीषा पाणी घेऊन आली, तांब्या-पेला. बांबूचं सामान, भांडी, एक घोंगडी असं ओसरीत बांधून ठेवलेलं. “बुधवारी निंगनार,” मनीषा म्हणाली. “भाऊ वाट बघतात. टेम्पो एकच हाय.” मुलगी शाळेत होती. तिचं दप्तर न्यायचं की ठेवायचं यावर नवराबायकोचं आधी काही बोलणं झालेलं असावं. मनीषाने विषय काढला आणि सुनीलने पेंढी जोरात आपटली.

मी: “खंडेनवमीला सकाळी तुम्ही वाडीत होता?”
सुनील: “व्हतो.”
“काकी म्हणतात नव्हता.”
“काकी म्हातारी हाय.”
“मुलीला ताप होता?”

मनीषाकडे बघितलं त्याने. ती आत गेली.

“लेकराला ताप येतोच की मॅडम. कंदी ना कंदी.”
“पिशवी कोणी बांधली?”
“सांगितलं ना. मी.”
“गाठ कशी मारली?”
पुढची पेंढी उचलली. “गाठीसारखी गाठ.”

पट्टीला गाठ नव्हती. टोक वेढ्याखाली खोचलेलं होतं. फोटोत दिसतं. पण पन्नास दिवसांपूर्वीची गाठ मला तरी आठवली असती का? काल बुटाची कशी बांधली ते सांगता येणार नाही.

मी म्हटलं, तुम्ही नसाल तर नाही म्हणा. अहवालात नाव गेलं की पुन्हा कुठल्याही मालकाच्या मशीनवर बसणं अवघड होईल. तो म्हणाला, “मला मशीन कोनी शिकवली, म्हाईत हाय ना तुमाला?”

हे उत्तर आहे का? असेल तर त्या रकान्यात लिहिता येत नाही. आणि कदाचित उत्तर नसेलच. कदाचित एवढंच सांगायचं असेल की नीट शिकलोय, चूक एकदाच झाली. दोन्ही अर्थांनी ते वाक्य मी वाटभर फिरवून बघितलं.

निघताना मनीषाने पिशवीत तांदूळ दिले, नवा तांदूळ. नको म्हणायला तोंड उघडलं. या वेळी घेतले. सुनील मागून ओरडला, “पंप नवा बसला का पयल्या दिशी हलू चालवाय सांगा त्याला. मनोरवाला लई दाबतो.”

शुक्र., २१

अहवाल आज द्यायचा होता. सावंत सरांकडे बुधवारपर्यंत मुदत मागितली. “कशासाठी?” म्हणाले. एक खात्री करायची आहे, म्हटलं. “कारण सापडलं, माणूस सापडला. आता खात्री कसली?” तरी दिली. “बुधवारी सकाळी. नाहीतर मी भरतो तो रकाना.”

भरून ठेवलेलं एवढं आहे: बिघाडाचं कारण – ब्रीदर प्लास्टिकने बंद राहिल्यामुळे टाकीत पोकळी, पंपाला तेल अपुरं. ब्रीदर धुण्याच्या वेळी झाकलेला असावा. सर्व्हिसनंतर मशीन सोडताना आणि १० नोव्हेंबरच्या तपासणीत हे लक्षात आलं नाही. दुसरी तपासणी माझी. यापुढची ओळ कोरी: कोणी झाकला.

‘माहीत नाही’ लिहिता येईल. खरं आहे ते. पण सर त्यावर सुनीलचं नाव घालतील, कारण तो स्वतःच देतोय. आणि सुनील नसेल, तर जो असेल तो माझ्याच गाडीत शेजारी बसतो, रोज. सोमवारीही बसणार.

मुन्नाभाई आज विचारत होते, “मैडम, रिपोर्ट दे दिया?” नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. बरं वाटलं की वाईट, चेहऱ्यावरून कळलं नाही. माझ्याही चेहऱ्यावरून कळलं नसेल.

सुनीलला फोन करून बघितला, लागला नाही. मनीषाचा नंबर काल घेतला होता. त्यावर सुनीलसाठी निरोप टाकला. तीनदा खोडून लिहिला. शेवटी गेला तो उतरवून ठेवते:

सुनीलभाऊ,
खंडेनवमीला सकाळी मशीन धुतलं तेव्हा तुम्ही तिथे होता की नव्हता, एवढंच हवं आहे. होता, तर पिशवी स्वतः बांधली की कोणाला बांधताना पाहिली. पाहिली असेल तर नाव मी विचारत नाही. नव्हता, तर ‘नव्हतो’ एवढा एकच शब्द पुरे. दवाखान्याचा कागद असेल तर त्याचा फोटो पाठवा, नसेल तरी चालेल. तुम्ही जे सांगाल तेच लिहीन. आधी सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, तर तेही लिहीन, पुन्हा विचारणार नाही. अहवाल बुधवारी सकाळी जाईल, तुमचा टेम्पोही बुधवारीच आहे. मुन्नाभाईंकडे निरोप देऊ नका, मला कळवा. मंगळवार, २५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत.